मालूच्या पडवळाचं बी

मंडळी, आपली फिरती वही आज माझ्याकडे आली, म्हणून आजचंच लिहितो.

सकाळी अलिबागला आपल्या हौशी बागवाल्यांची बियांची अदलाबदल झाली. माझी भेंडी घेऊन माणगावच्या एका अनोळखी गृहस्थांनी खादीच्या पुरचुंडीतलं पडवळाचं बी पुढे केलं.

"रेवदंड्याच्या मालूताईंनी आमच्या घरी दिलेलं हाय. टोकाला दगड बांधा म्हणायच्या, पडवळ सरळ वाढतं."

मालू माझी बायको. ती गेली त्या वर्षी माझ्याकडून पेरायचं राहिलं आणि घरचं बी किडलं.

मी पुरचुंडी सोडून बी तळहातावर घेतलं.

"घरात खाणारी किती?" त्यांनी विचारलं.

"आहेत पाचसहा."

"मग चार वेल लावा."

बी मोजून घेऊन आलो. खरं तर घरात खाणारा मी एकटाच. आता तुमच्यापैकी कोणी पडवळाच्या दिवसांत माझ्याकडे जेवायला याल का?