मेंदीच्या हिरव्या ब्रोकेडसाठी हाँगकाँग

हाँगकाँगला निघालेल्या मुली मला विचारतात, काय बघायचं, कुठे जेवायचं. माझी माहिती जवळजवळ साठ वर्षं जुनी आहे, आणि त्या प्रवासात मी बहुतेक वेळ दमलेलीच होते. तरी सांगते.

तेव्हा आम्ही कुवेतला, हवल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे रत्नागिरीचे, एका कुवेती कापड व्यापाऱ्याकडे कारकून. व्यापाऱ्याची बायको उम्म खालिद, म्हणजे खालिदची आई, लेकीच्या लग्नाच्या खरेदीला नवऱ्याबरोबर निघाली होती. मेंदीच्या दिवशी नवरी हिरवं घालते. तो पोशाख उम्म खालिदला चिनी ब्रोकेडचाच हवा होता. पण लग्न ठरलेल्या मरियमला परदेशी कसं न्यायचं? मी मरियमच्याच अंगकाठीची, तिच्या जागी मापं द्यायला चालणारी, वर कॉन्व्हेंटचं इंग्रजी. यांनी मालकाला परस्पर होकार देऊन टाकला आणि घरी येऊन मला बॅग भरायला सांगितलं.

मुंबईला विमान बदललं, मग बँकॉक. पोचेपर्यंत पाय सुजले होते. हॉटेल मात्र राजवाडा. दालनात शाईने रंगवलेले धुक्यातले डोंगर टांगलेले, खाली चंदनी पेट्या. मी त्या डोंगरांसमोर बसून राहायची, कारण तिथली खुर्ची मऊ होती.

जेवणाचे हाल झाले. चांदीच्या झाकणाखालून भाजलेलं बदक यायचं, आणि ते कोणत्या चरबीत भाजलं हे आम्हाला कोण सांगणार? उम्म खालिदने घरून खजूर आणि सुकं मांस आणलं होतं. ती मुंबईत वाढलेली, हिंदी झकास बोलायची. रोज जेवलीस का विचारायची आणि मी रोज पोट भरल्याचं सांगायची. मालकिणीच्या डब्यात हात कसा घालायचा? उकडलेली अंडी आणि संत्री, बारा दिवस. कोलूनच्या मशिदीजवळ हलाल खानावळ आहे, हे आम्हाला शेवटच्या सकाळी कळलं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.

दिवसा बंदर ओलांडायचं. फेरीबोटीत वरच्या मजल्यावर बसा, भाडं किरकोळच जास्त. पलीकडे जेडच्या बांगड्या, हस्तिदंताचे पंखे, रेशमाची दुकानं. उम्म खालिद सोफ्यावर, मी उभी. शिंपीण मिसेस लाम टाचण्या तोंडात धरून माझ्याभोवती फिरायची. तिसऱ्या फिटिंगला तिने कमरेत कापड बोटभर आत घेतलं आणि मान हलवून म्हणाली, "मॅडम, यू आर गेटिंग स्मॉलर."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आरशात हिरव्या रेशमात एक सडसडीत मुलगी उभी होती. दोन बाळंतपणांनंतर मी तिला पहिल्यांदाच बघत होते. मी मिसेस लामला टाचण्या लावू दिल्या.

कुवेतला परतल्यावर, मेंदीच्या दिवशी दुपारी मरियमच्या पाठीवरचे हुक जुळेनात. चार जणींनी ओढून पाहिलं. मरियम रडायला लागली. संध्याकाळी पाहुण्या येणार होत्या.

"ती चिनी बाई चुकली का?" उम्म खालिदने मला विचारलं.

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. यांची नोकरी डोळ्यांपुढे आली. तरी म्हणाले, "नाही. मी बारीक झाले. मला कळलं होतं. आरशात बरी दिसत होते, म्हणून बोलले नाही."

उम्म खालिदने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बारीक का झालीस?"

"जेवत नव्हते."

तिने माझं मनगट धरून बोटांनी मापलं. "आणि मला रोज सांगत होतीस पोट भरलं. खोटारडी." मग आतून भात आणि मटणाचं ताट मागवून माझ्यापुढे ठेवलं. मी म्हणाले, मिसेस लामने आत कापड सोडलंय, आधी उसवून घेते.

"आधी जेव, बिन्ती," ती म्हणाली; बिन्ती म्हणजे माझी मुलगी. "भुकेल्या हाताने माझ्या लेकीचे कपडे उसवायचे नाहीत."

प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर ते डोंगर आता धूसर झालेत, तिथून आणलेली जेडची बांगडी कधीच फुटली. त्या ताटावर बसलेली मी तेवढी स्पष्ट दिसते. मरियम नाक पुसत समोर बसली होती, आणि मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग साबणाने तीनदा हात धुतले आणि ब्लेड मागितलं.