मेल्या माशांची सरपंच

आमच्या गावात अजूनही आक्काताई मधाळेचं नाव निघालं की कट्ट्यावरचे रिकामटेकडे खिदळतात. म्हणतात, "मेल्या माशांची सरपंच!" मी शमशाद मुजावर. घरी शिवणकाम करते आणि तेव्हा तिच्याच पंचायतीत सदस्य होते. ते खिदळणं कानावर पडलं की हातातली कात्री फेकून मारावीशी वाटते.

गाव शिरोळ तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठावरचं. १९९७ साली सरपंचपद मागासवर्गीय महिलेला राखीव झालं, तेव्हा कृष्णातदादांनी बौद्ध वस्तीतून आक्काताईला हुडकून काढलं. दादा वरच्या साखर कारखान्याचे संचालक, पंचायतीतही सदस्य, गावाचे कर्तेधर्ते. आक्काताई लोकांच्या रानात तण काढायला, भांगलायला जायची, सहीपुरती शिकलेली. आपण बोट ठेवू तिथं बाई सही करील असा दादांचा हिशोब होता.

तो पहिल्याच महिन्यात चुकला. वस्तीतल्या विधवांना रेशनकार्ड मिळत नव्हती, म्हणून ही तहसीलदाराच्या दारात जाऊन बसली. आमच्या कब्रस्तानाची वाट दादांच्या पुतण्यानं नांगरून उसात घातली होती, तीही हिनं मोकळी करून घेतली. पुतण्या अंगावर धावून आला तर शांतपणे म्हणाली, "मेल्यावर तरी माणसाला वाट पायजे की." आमच्या मोहल्ल्यातल्या पुरुषांची जीभ इतकी वर्षं टाळ्याला चिकटली होती. भांडली ती.

खरं भांडण मात्र नदीचं. उन्हाळ्यात बंधाऱ्याला बरगे घालतात, म्हणजे दारांत फळ्या बसवून पाणी अडवतात. पाणी तुंबतं, आणि नेमकं तेव्हाच कारखाना मळीचं पाणी नदीत सोडतो. काळं, फेसाळ, नाक फाटेल असं. आमच्या गावानं यावर सोपा उपाय काढला होता. बरगे काढायचे आणि घाण खालच्या गावाला पाठवायची. खालचं गाव त्याच्या खालच्याला पाठवणार. सरपंचाची सही असली की पाटबंधाऱ्याची माणसं येऊन बरगे काढत, आणि वर्षानुवर्षं प्रत्येक सरपंचानं डोळे मिटून ती सही केली होती.

१९९९च्या मे महिन्यात एका सकाळी नदी काळी झाली. मासे तोंड वर काढून तडफडू लागले. गावाला काय वाटावं? जत्रा वाटली! पाट्या, घमेली, मच्छरदाण्या, सापडेल ते घेऊन माणसं पाण्यात उतरली. आक्काताई काठावरून ऊर फुटेस्तोवर धावत होती.

"खाऊ नगासा! इख हाय त्यात!"

"सरपंच, तुमास्नीबी दोन धाडतो की!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा काठ हसला. दुपारी घराघरांतून कालवणाचा वास सुटला.

तिनं नदीच्या पाण्याचा नळ बंद केला आणि एसटीडी बूथवरून कोल्हापूरला प्रदूषणवाल्यांना फोन लावला. साहेब तीन दिवसांनी येतील म्हणून उत्तर आलं. संध्याकाळी कृष्णातदादा कागद तयारच घेऊन तिच्या दारात हजर. मी तिथंच होते.

"सही कर. बरगे काढलं की घाण जाती खाली. गाव मोकळं."

"आणि सायेब आल्यावर काय बघंल? सोच्छ नदी?"

"सायबाचं सोड. गावाचं बघ."

"खालच्या गावानं काय प्यायचं, दादा?"

"त्यांचं ते बघतील. तुझी लेक दिलीया व्हय तिथं?"

"न्हाय."

"मग कोण लागत्यात ती तुझी?"

"कोण लागाय कशाला पायजे? पाणी पिणारी माणसंच हायत की." मग तिनं कागद घडी घालून त्यांच्या हातात परत दिला. "आदी वरच्या धरणातनं ताजं पाणी सोडाय लावा. घाण पातळ झाली की मी सोता बरगे काढाय येतो."

दादांचा चेहरा उतरला. सही नाही तरी माणसं आणून बरगे काढतील म्हणून ती वस्तीतल्या बायका घेऊन बंधाऱ्यावर जाऊन बसली. मीही बसले. डोळे चुरचुरत होते, नाकावर पदर. आणि गाव काय करत होतं? ज्यांच्या ज्यांच्या परड्यात बोअर होती, त्यांच्या मोटारी त्या तीन दिवसांत एकाएकी जळाल्या! एकूण एक! वस्तीतल्या बाया हंडे घेऊन दारोदार फिरल्या आणि प्रत्येक दारात तेच ऐकून परतल्या. शेवटी सगळी वस्ती आमच्या अंगणातल्या आडावर पाणी भरू लागली. तो रोज गाळापर्यंत उपसला जायचा. त्यातही आधी म्हाताऱ्यांना आणि पोरांना द्यायचं, हे तिनं ठरवून दिलं होतं.

साहेब आला. रुमालातूनच बोलला, बाटल्या भरल्या आणि विचारलं, "मेलेले मासे कुठे आहेत?"

पुरावा गावानं कालवण करून खाल्ला होता! फक्त वस्तीतल्या बाबासोच्या लेकीला, साक्षीला, तो पचला नव्हता. ती पोर कुरुंदवाडच्या दवाखान्यात सलाईनवर होती.

तरी बाटल्यांतलं पाणी बोललं. कारखान्याला नोटीस गेली, धरणातून ताजं पाणी सुटलं, घाण पातळ झाल्यावर आक्काताईनं सही करून बरगे काढले, नदी हलली. खालच्या गावाला काळ्या पाण्याचा थेंबही पोचला नाही.

पुढच्याच महिन्यात आक्काताईवर अविश्वास ठराव आला. कारण काय लिहिलं होतं? "सरपंचांनी गावाला तीन दिवस घाणीत ठेवले." घाण सोडणारे संचालक ठरावाला सूचक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सोडून सगळ्यांनी हात वर केले. बाबासोही सदस्य होता. मासे त्यानंच घरी नेले होते, त्यानंच पोरीला वाढले होते. त्यानंही मान खाली घालून हात वर केला. मी उठून एकेकाला नावानं विचारलं, मासे गोड लागले का रे? आक्काताईनं पदर सावरला, खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि घरी गेली. त्याच सुमारास पेपरात वाचलं होतं, जर्मनीत म्हणे नद्यांसाठी आणि माणसांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्यांचा अख्खा पक्ष सरकारात जाऊन बसलाय. तिकडं अशांना मंत्री करतात. आमच्याकडं खुर्चीवरून ओढून काढतात.

ती तरीही थांबली नाही. २००२ला पंचायत समितीला उभी राहिली. खालचं गाव त्याच मतदारसंघात होतं. मला वाटलं, तिथली मतं आपलीच. आम्ही झुंबरबाईच्या दारात गेलो. ही तिथल्या बायकांची पुढारी, तिच्या शब्दावर अख्खी गल्ली मतं टाकणार.

"तुमी आमच्यासाठी काय केलंसा?" झुंबरबाईनं विचारलं.

मीच सगळं सांगितलं. बंधारा, बरगे, तीन दिवस, ठराव. म्हातारी बोळकं उघडून हसली.

"मतं मागाय आल्यावर समदी असंच सांगत्यात. त्या साली आमचं पाणी झ्याक हुतं. तुमच्याच गावचं नासलंतं. आपलं गाव सांबाळाय जमलं न्हाय, आमचं काय सांबाळणार?"

"आजी, नक्की झ्याक हुतं न्हवं?" आक्काताईनं विचारलं.

"व्हय की. एकदम झ्याक."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडं वळली.

झालं तर! काय झालं तर? मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही. ती नुसती चालत राहिली.

ती पडली. कृष्णातदादांचा धाकटा भाऊ निवडून आला. मधली काही वर्षं टिकलेला नोटिशीचा धाक सरला, पुढच्या उन्हाळ्यात नदी पुन्हा काळी झाली, नव्या सरपंचानं त्याच सकाळी सही केली आणि बरगे निघाले. दुसऱ्या दिवशी खालच्या गावात नळाला काळं पाणी आलं. झुंबरबाई रिकामा हंडा घेऊन गल्लीत उभी राहून विचारत होती, इतकी सालं बरं हुतं, यंदाच असं कसं झालं?