मागच्या सीटवरची पाठराखीण

सोनूआत्या उभी आहे की बसली आहे, हे दुरून कळायचं नाही. पळसदरीत ही थट्टा झाडून सगळ्यांनी करून पाहिली होती आणि प्रत्येकाला तिच्याकडून त्याचं उत्तर मिळालं होतं. दाराची वरची कडी तिच्या हाताला लागत नसे. कडी काढायला कुणाला हाक मारणं तिला मंजूर नव्हतं, म्हणून तिने दाराला खाली दुसरी कडी मारून घेतली आणि घरातल्या उंच माणसांना वाकायला लावलं. भाताच्या लावणीत तिच्या पुढे कोणी जात नसे. "तुमाला वाकावं लागतं, मी हायच वाकलेली," असं म्हणत ती आपली ओळ संपवून बांधावर जाऊन बसायची.

तिचं लग्न झालं नाही. बघायला आलेले पाहुणे तिला नवरीची धाकटी बहीण समजायचे आणि म्हणायचे, "पोरी, मोठीला बोलाव गं." एकदा ती म्हणाली, "मोठी तुमाला बघून मागच्या दारानं पळाली." त्यानंतर पाहुणे आले नाहीत. आले नाहीत म्हणून ती रडत बसली नाही, उलट घरच्यांना म्हणाली, बरं झालं, चहाची पूड वाचली.

माझ्या आईची, म्हणजे भागीची, ती आत्या. आई म्हणायची म्हणून मीही तिला आत्याच म्हणायची.

आईचं लग्न ठरलं खालापूरच्या गजाशी, माझ्या वडलांशी. वडील तेव्हा मुंबईच्या एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. साहेबांचा खालापूरच्या बाजूला बंगला होता आणि त्यांची एक लाल गाडी होती. चपटी, दोन दारांची, जमिनीला पोट घासत जाणारी, शर्यतीत पळवतात तसली. साहेबांनी लग्नासाठी ती आठवडाभर वडलांना दिली. नवरदेव मुंडावळ्या बांधून स्वतः गाडी चालवत येणार, ही बातमी वऱ्हाडाच्या आधी पळसदरीला पोचली.

दुसरीही एक बातमी पोचली होती. ती आत्याने काढली होती. वडलांच्या घरात एक थोरली सून होती, धोंडूबाई. माझी चुलती. लग्न होऊन आली ती पुन्हा माहेरी गेलीच नव्हती. आई नसलेली पोर, बरोबर पाठराखीण आली नाही, मांडवपरतणीला न्यायला कोणी आलं नाही. पुढे एकदा भाऊ आला, त्याला पडवीतूनच पाणी पाजून वाटेला लावलं. माझी आजी, वडलांची आई येसूबाई, लोकांना सांगायची, "तिला करमतंच नाय माह्यारी." माझी सख्खी आजी होती, पण खोटं ते खोटं.

पाठराखीण म्हणजे नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाणारी माहेरची बाई. चार दिवस राहायचं आणि मांडवपरतणीला पोरीला घेऊन परत यायचं. लोकांना वाटतं ती सोबतीला जाते. आत्या म्हणायची, "सोबतीला नाय गं. आमचं लक्ष हाय, ह्ये सांगायला जाते."

लग्न लागलं, पंगती उठल्या, वऱ्हाडाचा ट्रक सुरू झाला. आईची पाठराखीण म्हणून आत्या आपलं गाठोडं घेऊन पुढे आली. आजी म्हणाली, "ट्रकात जागा नाय."

"मग मी पोरीबरोबर गाडीत बसते."

"गाडी दोघांची हाय."

आत्या वाकून, म्हणजे जराशी मान कलती करून, गाडीत बघू लागली. पुढे दोन सीटा. त्यांच्या मागे एक सीट होती खरी, पण पाय कुठे ठेवायचे याचा विचार करायला बनवणारा विसरला होता. त्या जागेत तांब्याचं घंगाळ आणि रुखवताची टोपली कोंबली होती.

वडलांचे वडील, माझे आजोबा कोंडाजी, समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, तिथं माणूस मावत नाय. सायबाचं कुत्रं बसतं त्या शीटवर."

मांडवातले लोक हसले. आत्या हसली नाही. तिने पुढची सीट वाकवून घंगाळ ओढून काढलं आणि आजीच्या हातात दिलं. टोपली आजोबांच्या हातात दिली. "कुत्रं मावतं तर मी मावते," ती म्हणाली. "पण ह्ये कुत्रं भुकतं, ह्ये ध्यानात ठेवा."

आणि ती शिरली. गुडघे हनुवटीला, गाठोडं कुशीत, पाठ खिडकीला, अशी आडवी बसली. साऱ्या पळसदरीत त्या सीटवर बसू शकेल असं मोठं माणूस एकच होतं. जन्मभर जिला उंचीवरून टोमणे ऐकावे लागले, तिची उंची त्या दिवशी अगदी मापात होती. आई हे सांगताना आजही ताठ बसते.

आजी घंगाळ मांडीवर घेऊन ट्रकात बसली. पळसदरीपासून खालापूरपर्यंत तिला विचार करायला भरपूर रस्ता मिळाला. नवरानवरी वाटेत देवळादेवळापाशी नारळ ठेवायला थांबत होती, त्यामुळे ट्रक आधी पोचला.

वाटेत आत्याचं डोकं वडलांच्या आणि आईच्या खांद्यांच्या मधोमध होतं. तिने विचारलं, "जावई, तुमची वयनी माह्यारी का जात नाय हो?"

वडलांनी गिअर बदलला. "आईला ठावं."

"तुमाला नाय ठावं?"

माझा बाप वाईट माणूस नव्हता, पण स्वतःच्या आईचं नाव निघालं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. त्याने पुन्हा एकदा गिअर बदलला. माझ्या आईने मात्र ते न बोलणं नीट ऐकलं.

घरापुढे गाडी थांबली. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं होतं, आरतीचं ताट तयार होतं. आई गाडीतून उतरली. मागची सीट अशी होती, की पुढची सीट वाकवल्याशिवाय आतल्या माणसाला बाहेर पडता येत नाही. आजीने तेच हेरलं होतं. आई उतरताक्षणी आजीने दार धाडकन लावलं आणि वडलांना म्हणाली, "उतरू नको. ही आत हाय ती आतच ऱ्हाऊ दे. पळसदरीला सोडून ये, मग माप वलांडायचं."

मागच्या काचेतून आत्याचं तोंड दिसत होतं. तिने काचेवर थापा मारल्या. पुढच्या सीटवरून चढून यावं तर साडीचा काष्टा सीटच्या खाचेत अडकलेला. वडील स्टिअरिंग धरून बसलेले, ना गाडी सुरू करत, ना खाली उतरत. आजी आईचा हात धरून तिला उंबऱ्याकडे ओढत होती.

आईने तोवर सासरी तोंड उघडलं नव्हतं. नव्या नवरीने उघडायचंही नसतं. तिने आजीच्या हातातून हात सोडवला, मागे फिरली, दार उघडलं आणि पुढच्या सीटवर पुन्हा जाऊन बसली. हातातला नारळ मांडीवर ठेवला.

"आत्या आधी खाली उतरंल," ती म्हणाली. "नाय तर मी बी हितंच ऱ्हाते."

गाव जमलं होतं. ताटातलं निरांजन वाऱ्याने विझलं, ते लावलं, ते पुन्हा विझलं. माप न ओलांडता नवरी गाडीत बसून राहिली आहे, असं त्या गावाने कधी पाहिलं नव्हतं. शेवटी वडील उतरले. आजीकडे न बघता ते पलीकडून फिरून आले, आईला म्हणाले, "जरा उतर," आणि सीट वाकवून त्यांनी आत्याला हात दिला. त्या एका हातासाठी मी माझ्या बापाला बाकीचं बरंच काही माफ केलं आहे.

आत्या काष्टा झाडत बाहेर आली आणि आईच्या मागे उभी राहिली. आईने माप ओलांडलं.

चार दिवस आत्या त्या घरात राहिली. भांडली नाही. चुलीपाशी धोंडूकाकूच्या शेजारी बसून भाकऱ्या थापल्या आणि डोळे उघडे ठेवले. काकू पहाटेच उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची, तेही परातीत काही उरलं तर. माहेरचं गाव कुठलं, असं आत्याने विचारलं तेव्हा तिला आधी दहिवली म्हणता आलं नाही, रडूच आलं. दहिवली म्हणजे कर्जतला लागून. माझ्या आईच्या माहेराच्या जरा पुढे, त्याच वाटेवर.

मांडवपरतणीच्या दिवशी लाल गाडी दारात लागली. आई पुढे बसायची होती, आत्या मागे. आत्या हातात गाठोडं घेऊन आली, पण ते गाठोडं तिचं नव्हतं. मागून धोंडूकाकू आली, धुतलेलं लुगडं नेसून.

"ही कुठं निघाली?" आजीने विचारलं.

"माह्यारी."

"आणि तू?"

"मी हितं. ही परत येईस्तवर हिच्या वाटणीचं काम मी करते. तुमाला पाणी भरायला बाई पायजे ना? ही घ्या."

आजोबा गाडीकडे बघत म्हणाले, "अगं, पण ती तुझ्यावाणी हाय का? ही चांगली उंच बाई. त्या शीटवर कशी मावंल?"

आत्याने सीट वाकवली. काकू आत शिरली. उंच होती, पण पाय पोटाशी घेतल्यावर ती त्या जागेत पुरती बसली, वर गाठोड्यालाही जागा उरली. सगळं अंगण बघत होतं. इतक्या वर्षांत त्या घराने तिला किती जेवू घातलं, ते सांगायला आता कुणाची गरज नव्हती.

"मावली," आत्या आजोबांना म्हणाली. "बघा. कुत्र्याच्या जागंत मावली."

आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते आत निघून गेले. वडलांनी गाडी सुरू केली.

धोंडूकाकूला परत यायचं की नाही ते तिच्यावर सोडा, असं आत्याने दहिवलीला कळवलं होतं. ती आली, पण आपल्या मनाने, चांगले दोन महिने राहून, भावाला बरोबर घेऊन आली. तोवर आत्या खालापूरच्या त्या घरात पाणी भरत होती. घागर उतरवायला हात पुरायचा नाही, तेव्हा ती आजीलाच हाक मारायची, "येसूबाई, जरा हात द्या." आणि आजी यायची.