थर्ड शिफ्टचं घर

सुवर्णाचं माहेर मखमलाबादचं. माळ्याची पोर, फ्लॉवर-कोबीच्या वाफ्यांत वाढलेली, आणि मळ्यात काही कुणी कुजबुजत नाही. आई, नवसाबाई, विहिरीपासून हाक मारायची आणि सुवर्णा तीन वावरं पलीकडून ओ द्यायची. सगळ्या घराचाच घसा दांडगा. अशी ही पोर १९९१ साली सातपूरला दिली, कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या समाधानला. पाळीवरच्या माणसाचं घर कसं चालतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी लग्न मोडलं नसतं म्हणा, कारण पोरगा निर्व्यसनी होता आणि नोकरी पक्की होती.

समाधान पॉवर प्रेसवर होता. पत्रा सरकवायचा, पाय दाबायचा, धाडकन आवाज झाला की तुकडा तयार. असे दिवसाला हजारो. आधी पाळ्या फिरत्या होत्या, एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. पण ९७ साली ह्या माणसानं स्वतः अर्ज करून कायमची थर्ड शिफ्ट मागून घेतली. रात्री अकराला लागायचं, सकाळी सातला सुटायचं. बाकीचे लोक थर्ड चुकवायला साहेबाच्या हातापाया पडतात, आणि ह्यानं ती मागून घेतली! का, तर म्हणे रात्री गार असतं, डोक्याला कटकट नसते. सुवर्णानं कपाळावर हात मारला होता.

त्या दिवसापासून घरात दिवसाउजेडी हाताची घडी, तोंडावर बोट. कुकर लावायचाच नाही, कारण शिट्टी. डाळ उघड्या पातेल्यात शिजायची, मग तिला तास लागो का दोन. मिक्सर सकाळी नऊनंतर बंद, म्हणून चटणी वाटायला शेजारच्या कलामावशींच्या पाट्यावर जायचं. मोरीत भांडी घासताना खाली गोणपाट. दारावरच्या बेलमध्ये कापडाचा बोळा. भाजीवालासुद्धा ह्या दारापुढून हातगाडी ढकलताना मुका व्हायचा. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, समाधान झोपलाय. मुलगी प्रतिभा तर रांगायला लागली तशी कुजबुजायलाच शिकली. शाळेत बाईंनी विचारलं, हिला घरी मारता का हो, बोलत का नाही मोठ्यानं?

आणि गंमत बघा, घरात मोठ्यानं बोलायचा तो एकटा समाधानच. जाग आली की चहा मागायचा तोही असा, जसा पलीकडच्या गल्लीतून मागतोय. पण झोपणाराच तो, त्याला कोण हटकणार?

ही गोष्ट २००४ च्या फेब्रुवारीतली, एका साध्या मंगळवारची. समाधान साडेसातला सायकलवरून आला, आंघोळ केली, गरम भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली आणि नऊच्या ठोक्याला आतल्या खोलीत आडवा झाला. दोन खोल्यांमध्ये दार नव्हतं, पडदा होता. प्रतिभा शाळेत गेली. सुवर्णानं केर काढला, तोही ओल्या फडक्यानं, झाडू खरखरतो म्हणून. कपडे न आपटता चोळून धुतले. आणि हे सगळं करताना ती मनातल्या मनात भांडत होती.

भांडणाचं कारण ताजं होतं. कंपनीत नवे साहेब आले होते. त्यांनी समाधानला बोलावून सांगितलं, तुमची इतक्या वर्षांची नोकरी झाली, आता दिवसपाळीला या, प्रेसवरून काढून तुम्हाला तपासणीच्या टेबलावर बसवतो. बसून काम, माणसात काम. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. समाधान घरी येऊन म्हणाला, नाही म्हणणार आहे. कारण विचारलं तर, नको वाटतं. नको वाटतं हे काय कारण झालं? बुधवारी सकाळी साहेबाला शेवटचं उत्तर द्यायचं होतं. म्हणजे सुवर्णाच्या हातात होती ती आजची दुपार.

तिनं ठरवलं होतं. चारला तो उठेल, चहा घेईल, तेव्हा सांगायचं, दिवसपाळी घ्या, नाहीतर मी प्रतिभाला घेऊन मखमलाबादला चालले. नवऱ्यावर तिचा दुसरा काही राग नव्हता. मारझोड नाही, दारू नाही, पगार हातात. पण सात वर्षं बाईनं घरात मोठ्यानं हाक मारली नव्हती, भांडं आपटलं नव्हतं, तोंड भरून हसली नव्हती. माहेरी गेली की बहिणी म्हणायच्या, सुवर्णे, बोल ना जरा, घसा बसलाय का? तिला त्याचं फार लागायचं. आपण मरून जाऊ आणि तेही कुजबुजतच, असं तिला हल्ली वाटायला लागलं होतं.

अकरा वाजता ती टीव्हीपुढे बसली. हा तिचा रोजचा विसावा. हातात दोसुतीचं कापड, सुई, रंगीत दोरे, आणि समोर आवाज बंद केलेला टीव्ही. आवाज बंद ठेवून बघायचं तर बातम्या कामाच्या नाहीत आणि मालिका तर त्याहून नाहीत, तिथं बायका नुसत्या डोळे वटारतात. उरली कार्टून. जुनीपुराणी, जिथं कुणी एक अक्षर बोलत नाही. मांजर धावतं, उंदीर पळतो, दाराआडून हातोडा येतो, मांजराच्या डोक्यावर टेंगूळ. सुवर्णाला पहिल्या दिवशी वाटलं, हे पोरांचं. महिनाभरात ती त्यांत इतकी मुरली की हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात धरायला लागली. मग दोसुतीवर मोर-पोपट भरायचे सोडून ती मांजरं भरायला लागली. फुलीवर फुली, चौकडे मोजून. गल्लीत आठ घरांच्या उशांवर तिची मांजरं होती, एकेकाचं शेपूट विस्तवावर पडल्यासारखं ताठ.

समाधानलाही कार्टूनच आवडायची. उठल्यावर तो तासभर बघायचा आणि आवाज वाढवायचा नाही. पोरीची आणि बायकोची सवय मोडू नये म्हणून असेल, असं सुवर्णानं धरलं होतं. तेवढं एक तरी त्याला कळतं, असं ती कलामावशींना सांगायची.

एकच्या सुमाराला, टीव्ही तसाच मुका चालू ठेवून, ती चटणी वाटायला कलामावशींकडे गेली. लसूण, दाणे, तिखट. वाटता वाटता मावशींना तिनं चारचा बेत सांगितला. मावशी म्हणाल्या, "घर सोडायच्या बाता करू नको बाई. उचलली जीभ लावली टाळ्याला. उद्या खरंच जा म्हणाला तर?"

"जाईन ना! मळ्यात जाऊन कोबीशी बोलेन, पण मोठ्यानं बोलेन," सुवर्णा म्हणाली.

इतक्यात लाईट गेली. लोडशेडिंगचे दिवस ते, दुपारी दोन तास जायचीच. एरवी लाईट गेली की सुवर्णाचं पहिलं काम ठरलेलं, टीव्हीचं बटण बंद करायचं. कारण त्या टीव्हीला एक खोड होती. लाईट परत आली की तो आपोआप सुरू व्हायचा, आणि आवाज बंद केलेला त्याच्या लक्षात राहायचा नाही, चांगला ठणाणा करत सुरू व्हायचा. पण आज लाईट गेली तेव्हा ती पाट्यावर होती, आणि घरी आली तेव्हा डोक्यात चारचं भाषण चाललेलं. काळा पडदा दिसला, तिला वाटलं बंदच आहे. खिडकीपाशी उजेडात बसून ती मांजराची मिशी भरायला लागली.

पावणेतीनला लाईट आली.

टीव्ही असा बोंबलला की सुवर्णाच्या हातातली सुई बोटात घुसली. ढोल, पिपाण्या, काचा फुटल्याचे आवाज, कुत्र्याचं भुंकणं, सगळं एकदम. बाई गं! ती रिमोटवर झडप घालायला गेली, रिमोटचं झाकण कधीच हरवलेलं, रबर निसटलं आणि सेल घरंगळत पलंगाखाली. बटणाकडे धावली तर मध्ये पाट होता, तो पायानं उडून भिंतीवर आदळला. कलामावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. समोरच्या घरातलं कुणी खिडकीत आलं. सात वर्षांत गल्लीनं ह्या घरातून असा आवाज ऐकला नव्हता.

आणि आतून काहीच नाही.

मेला की काय हा माणूस? टीव्ही तसाच सोडून तिनं पडदा बाजूला सारला. समाधान भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तिनं खांदा धरून हलवलं. तो दचकून वळला, डोळे किलकिले करून तिच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "चार वाजले का?"

तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच बाहेर आला. कारण तिच्या पाठीमागे, दहा पावलांवर, टीव्हीत कुत्रा अजून भुंकत होता. आता एक आगगाडीही जात होती. आणि हा माणूस विचारत होता, चार वाजले का.

"नाही. झोपा," ती सवयीनं कुजबुजली. त्यानं तिच्या तोंडाकडे बघून मान हलवली आणि कूस बदलली.

तिनं बाहेर येऊन टीव्ही बंद केला, मावशींना हातानंच जा म्हणून खुणावलं, आणि जमिनीवर बसली. मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे आली. घरात फोन घेतला तेव्हा म्हणाला, फोन उचलणं माझं काम नाही. भाच्याच्या लग्नात सगळ्यांना नुसतं हो-हो करत मंडपाच्या कडेला बसला होता, आणि ती त्याला माणूसघाणा म्हणाली होती. कुणीही बोललं की डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायचा. आणि कार्टून! बिनबोलाची कार्टून. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं तिचं. कारण शोधत होती नवऱ्याच्या स्वभावात, आणि ते होतं त्याच्या कानात. तिला त्याची दया आली. आणि तितकाच संताप आला. सात वर्षं डाळ उघड्यावर शिजवली ती कुणासाठी? बहिऱ्या माणसाची झोप मोडू नये म्हणून? हसावं का रडावं तिला कळेना, म्हणून तिनं दोन्ही थोडं थोडं केलं.

चारला समाधान उठला. तोंड धुऊन आला, चहाचा कप घेतला आणि तिच्या चेहऱ्यावरून ओळखून आधीच म्हणाला, "हे बघ, उद्या मी नाय म्हणणार हाय. आता भांडू नको."

सुवर्णा त्याच्या समोर बसली. सगळं भाषण विसरली होती. हळूच म्हणाली, "कधीपासून ऐकू येत नाय तुम्हाला?"

त्यानं कप खाली ठेवला. "कोण बोललं तुला?"

"कुणी नाय. दुपारी टीव्ही बोंबलला. सगळी गल्ली जागी झाली, तुम्ही सोडून."

समाधाननं कपातली साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाला, "प्रेसनं गेले कान. आधी शिट्या वाजायच्या नुसत्या, मग काय नाय. मशीन बिघडलं तर आवाजानं कळावं लागतं, मला हाताला कळतं, पण ते साहेबाला सांगून पटतंय का? दिवसा तिथं माणसं, फोन, बोलावणी. एका दिवसात उघडा पडेन, मग घरीच बसवतील. रात्री मी आणि मशीन. कुणी बोलत नाय, कुणी विचारत नाय."

"आणि मला? बायकोला सांगायला काय झालं होतं?"

त्यानं कप उचलून एक घोट घेतला. तेव्हा मात्र सुवर्णाचा बांध फुटला. ती उभी राहिली आणि मखमलाबादच्या आवाजात, विहिरीवरच्या आवाजात, जे सात वर्षं साठलं होतं ते ओतायला लागली. कुकर, मिक्सर, पोरीचं मुकेपण, बहिणींचे टोमणे, सगळं. भिंतीपलीकडे कलामावशींची भांडी थांबली.

समाधान तिच्या तोंडाकडे बघत होता. कपाळाला आठ्या पडल्या. तो पुढे सरकला, आणखी निरखून बघितलं, आणि मान हलवली.

"हे नाय कळलं," तो म्हणाला. "ओरडली ना, की तुझं तोंड नुसतं उघडं दिसतं. कुजबुजते तेव्हा ओठ नीट हलतात, शब्द सुटा दिसतो. म्हणून नाय सांगितलं. सांगितलं असतं तर तू मोठ्यानं बोलायला लागली असती. सगळे बहिऱ्याशी तसंच बोलतात." मग म्हणाला, "कंपनीत मला कुणाचं कळत नाय. पोरीचं अर्धं कळतं. तुझं तेवढं सगळं कळतं."

सुवर्णा उभीच राहिली. घसा दुखत होता, सवय नव्हती. डोळे पुसले. मग ती खाली बसली, त्याच्याजवळ सरकली आणि खिडकीचा उजेड तोंडावर पडेल अशी वळली. आवाज न काढता, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "उद्या साहेबाला सांगा. मी थर्डवरच बरा हाय, म्हणा."

"बरं," समाधान म्हणाला. इतक्या मोठ्यानं, की भिंतीपलीकडे मावशींनाही कळलं.