मास्तरसाठी सोडलेली जागा

आमची चूक झाली की बाई सॅक्सोफोन तोंडातून काढायच्या, पदराने ओठ पुसायच्या आणि एवढंच म्हणायच्या, “परत.” आवाज चढवायच्या नाहीत. तरी गडहिंग्लजहून एसटीने शिकायला आलेल्या दांडग्या गड्यालाही घाम फुटायचा.

शाहूपुरीत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानावर त्यांची खोली होती. कोल्हापुरात जॅझ रचणारी दुसरी बाई तुम्हाला ठाऊक असेल तर मला सांगा. वाद्य वडिलांचं, लग्नाच्या बँडमधलं. रचना त्यांच्या स्वतःच्या. एक लावणीसारखी ठुमकणारी, एक भजनासारखी संथ, एक इतकी तुटक, की मला वाटलं सूर लिहिलेला कागदच फाटलाय. आज इथल्या एखाद्या बँडवाल्याने वरातीत मध्येच सूर वाकवला, तर समजा, बाईंकडे शिकलेला आहे.

त्यांची सगळ्यात गाजलेली रचना एका बँडमास्तरने स्वतःच्या नावावर रेकॉर्ड केली. तरुणपणी दोघं एकत्र वाजवायचे. बाई जाब विचारायला गेल्या तर म्हणाला, “बाईमाणसाच्या नावावर कोण ऐकणार हाय?”

बाई वीस वर्षं गप्प राहिल्या. मला वाटलं, विसरल्या.

मग मास्तरचा सत्कार ठरला. तीच रचना तो ट्रम्पेटवर वाजवणार होता. साथीला आम्ही सात जण, सगळे बाईंचे शिष्य. बाई म्हणाल्या, “जावा. झकास वाजवा. मधली मोकळी जागा तेवढी त्याला द्या.”

त्या जागी वाजवणाऱ्याने ऐन वेळी मनातलं वाजवायचं असतं. मास्तरला ते कधीच जमलं नव्हतं. तिथे तो ढोल घुसवायचा.

त्या दिवशी ढोल वाजला नाही. आम्ही सातही जण थांबलो आणि त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याने एक सूर काढला, तो फाटला.

तिसऱ्या रांगेतून बाई म्हणाल्या, “वाजवा की मास्तर. तुमचंच हाय न्हवं?”

त्याने मान खाली घातली. बाईंनी पेटीतून सॅक्सोफोन काढला आणि जागेवरूनच ती जागा भरली. मला फार बरं वाटलं, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी तो खोलीवर आला. “चुकलं माझं.”

“व्हय, चुकलं,” बाई म्हणाल्या. “च्या घ्या. माफी मिळायची न्हाय.”

गेल्या साली बाई गेल्या. पंचगंगेच्या घाटापर्यंत आम्ही त्यांना त्यांच्याच रचना वाजवत नेलं. मास्तर ट्रम्पेट घेऊन आला होता. म्हातारा झालाय. आमच्या रांगेत शिरायला फट शोधत होता.

आम्ही खांद्याला खांदा लावून चालत राहिलो.