मनगटावरची दोन बोटं

पोळ्यानंतरच्या मंगळवारी दुपारी माझी बहीण वत्सला मूर्तिजापूरच्या अलीकडे एका पांदणीत ट्रकखाली सापडली आणि मेली. ती तिथल्या शाळेत शिक्षिका होती. ट्रक थांबला नाही.

पांदण म्हणजे शेताशेतांतून जाणारी गाडीवाट, दोन्ही बाजूंना बाभळीच्या काट्यांचं कुंपण असलेली. बैलगाडी जाईल एवढीच रुंदी. शाळा सुटल्यावर ताई तिथूनच एस.टी.च्या फाट्यावर येत असे. हमरस्ता सरळ होता आणि जवळचाही, पण ती म्हणायची, "सडकेनं ट्रक अंगावर येतात रे. पांदणीत बैलगाडी भेटते, ती थांबून वाट देते."

पंचनामा झाला, ताईची छत्री तेवढी माझ्या हातात दिली. मग सगळे मला एकच गोष्ट सांगत राहिले: त्या वाटेला ट्रक जातच नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, सरपंच म्हणाले, फौजदारही म्हणाला. जणू ट्रक तिथं गेलाच नाही आणि ताई उगाच मेली. ट्रकवाल्याला शिक्षा व्हावी असं मला वाटलं नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला एवढंच हवं होतं, की ट्रक तिथं कशाला गेला हे कोणीतरी सांगावं.

म्हणून डिसेंबरात, वाचनालयातून रजा घेऊन, मी अमरावतीच्या बाजारातून संत्र्यांच्या एका ट्रकवर बसलो. माल वरूडचा, जायचा अकोल्याला. क्लीनर तापानं घरी पडला होता, त्यामुळे पुढची जागा रिकामी होती. ड्रायव्हरचं नाव महादेव. जाड भुवयांचा, पानानं ओठ रंगलेला, बोलका माणूस. मी ग्रंथपाल आहे म्हटल्यावर म्हणाला, "म्हंजे मास्तरच की! बसा मास्तर, काच वर घेऊ नका, तुटेल हो."

बडनेऱ्याचं रेल्वे फाटक ओलांडलं आणि दोन्हीकडे काळी जमीन पसरली. कापसाची वेचणी चालू होती. बायांनी पोटाशी ओट्या बांधल्या होत्या, त्यात कापूस फुगला होता. रस्त्याच्या कडेला कडुलिंब, त्यांच्या खाली उन्हाचे ठिपके. ट्रकमध्ये संत्र्याचा वास इतका भरला होता की थोड्या वेळानं तो नकोसा झाला. ताईला संत्रं सोलताना साल अखंड काढायची सवय होती. मी खिडकीकडे तोंड केलं.

"घाईत आहात का?" मी विचारलं. वेगाचा काटा पुढं सरकत होता.

"घाई नाई त काय! दुपारच्या आत माल नाई उतरला त शेटजी माह्यं कातडं सोलन. अन् इकडं पोलीस घड्याळ घेऊन बसते. जाव कुठं माणसानं?"

घड्याळ हा ड्रायव्हरांचा शब्द. महादेवनं तो मला उलगडून सांगितला. एक शिपाई झाडाखाली उभा राहतो, हातात रुमाल. गाडी त्याच्यापुढून गेली की रुमाल खाली पडतो. पुढच्या दगडापाशी दुसरा बसलेला, त्याच्या मुठीत घड्याळ. अंतर मोजलेलं असतं. गाडी लवकर पोचली की तिसरा रस्त्यावर येऊन आडवा होतो.

"मग ओळखता कसं?"

"डोळे कायले देल्ले देवानं? बाभळीमांगं दोन सायकली एकसारख्या उभ्या दिसल्या, समजाचं. अंगात धोतर-बंडी अन् पायात सरकारी बूट, समजाचं. एक लेकाचा तं मेंढपाळ बनून बसला होता बोरगावपाशी, काठी घेऊन. मेंढ्या कुठं हायेत म्हटलं? एक बी मेंढी नाई!" तो स्वतःच मोठ्यानं हसला. "अन् नाई दिसलं तरी आपले गडी हायेत ना."

गडी म्हणजे समोरून येणारे ड्रायव्हर. ज्यानं घड्याळ पाहिलं त्यानं उजवा हात खिडकीबाहेर काढून, मनगटावर डाव्या हाताची दोन बोटं ठोकायची. तेवढा वेळ चाक गुडघ्यानं धरायचं. ओळख असो नसो, गाडी कोणाचीही असो, खूण करायचीच. महादेवच्या बोलण्यात अभिमान होता. "भाऊ भावाले दगा देईन, ड्रायव्हर ड्रायव्हरले नाई देत."

लोणी गाव मागं पडलं. थोड्या वेळानं समोरून एक ट्रक आला. त्याच्या खिडकीतून हात निघाला, मनगटावर दोन बोटं वाजली.

"लागलं," महादेव म्हणाला. सडकेनं हळू जायला त्याला वेळ नव्हता, म्हणून त्यानं वेग कमी केला नाही. एका वाकड्या कडुलिंबापाशी चाक फिरवलं आणि ट्रक डांबरावरून खाली उतरला.

मी ती जागा ओळखली. पंचनाम्याच्या दिवशी मी त्याच कडुलिंबापाशी उभा होतो. फक्त तेव्हा मी पायी होतो.

काटे दोन्ही बाजूंनी पत्र्यावर खरखरत होते. कापसाचे भारे डोक्यावर घेतलेल्या तीन बाया कुंपणात शिरून उभ्या राहिल्या. त्यांना हे नवं नव्हतं. हॉर्न वाजण्याआधीच त्या शिरल्या होत्या. एकीचं लुगडं काट्यांत अडकलं, ती सोडवत बसली नाही. पुढं एक म्हातारा बैलगाडी घेऊन समोर आला. त्याला वळायला जागा नव्हती. महादेवनं करकचून ब्रेक लावला.

"आंधळा हायेस काय बे? हे पांदण हाय का सडक हाय?"

"बाबाजी, घड्याळ लागलं सडकेवर! घ्या ना मांगं जरा."

"तुह्या घड्याळाले आग लागो! बैल मांगं चालते काय रे, बयताडा?" (बयताड म्हणजे खुळा.)

शेवटी म्हाताऱ्यानं एक बैल सोडला आणि गाडी कुंपणात रेटली. आम्ही घासून पुढं गेलो. महादेव खुशीत होता.

"या पांदणीची तं मजाच हाय मास्तर. मांगच्या टायमाले, पोळ्यानंतरची गोष्ट, मी अकोल्याहून वापस येऊन राह्यलो होतो. पाह्यतो तं फाट्यापाशी माणसं उभी. एकाच्या हातात बावटा, दुसरा वाकून बसेल. म्हटलं, आता रुमालाच्या जागी बावटा आणला काय यायनं! म्या ठोकलं मनगट. समोरच्या साऱ्या गाड्या धडाधड पांदणीत. अन् मांगून समजलं तं काय? पोलीस नाईच! रस्ता रुंद कराची मोजणी चालू. साखळी घेऊन बसले होते बिचारे!" तो हसला, मग पान चावत म्हणाला, "त्याच दिवशी इथं एक बाई मेली म्हणे."

मी म्हणालो, "ती माझी बहीण होती."

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही असं मला वाटलं. पण ट्रक हळू झाला. पांदण संपून पुन्हा सडक लागली तिथं त्यानं गाडी थांबवली.

"माह्या गाडीखाली नाई मेली, मास्तर."

"नाही."

"मी तं तिकडं होतो, सडकेवर."

"हो. हात तेवढा तुमचा होता."

"मले काय माईत होतं? हात तं सारेच दाखवते."

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. ट्रक पांदणीत का गेला, हे मला आता कळलं होतं. पोलिसांना चुकवायला गेला, आणि पोलीस नव्हते. रस्ता मोजणारी माणसं होती. त्यांनी मान वर करून पाहिलंही नसेल.

तेवढ्यात मूर्तिजापूरकडून एक कापसाचा ट्रक आला. त्याच्या ड्रायव्हरनं पंजा हलवून विचारलं, पुढं काय आहे? महादेवचा उजवा हात खिडकीबाहेर गेला. मनगटावर दोन बोटं वाजली. कापसाचा ट्रक आमच्या शेजारून पांदणीत उतरला.

महादेवनं हात आत घेतला. "सवय हाय," तो म्हणाला.

"आत तो म्हातारा आहे. त्या बाया आहेत. त्यांच्यासाठी काही खूण आहे का तुमच्यात?"

"नाई," तो म्हणाला. मग पुन्हा, हळू, "नाई, मास्तर."

मूर्तिजापूरला त्यानं भजी आणि ठेचा मागवला. मी चहा घेतला. तो भज्यांकडे बघत बसला आणि शेवटी त्यानं ती तशीच सोडली. मला त्याची कीव आली नाही. मग आम्ही अकोल्याला निघालो. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांचा घरघराट आला, धूळ आली, बाजार आला. उतरताना त्यानं संत्र्यांची पिशवी पुढं केली. मी ती घेतली नाही.

परतताना एस.टी.नं आलो आणि फाट्यावर उतरलो. शाळेपर्यंत पांदणीतून पायी गेलो. बैलगाडीच्या चाकोऱ्या आता दिसत नव्हत्या, त्यांच्यावर टायरचे ठसे होते. काट्यांवर कापूस अडकला होता, लुगड्याची एक चिंधीही. मुख्याध्यापकांना मी महादेवनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, पण तिकडून ट्रक जात नाहीत." त्यांच्या खिडकीतून धूळ दिसत होती. मी ती त्यांना दाखवली. त्यांनी खिडकी लावून घेतली.

अमरावतीच्या गाडीत मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलो होतो. बडनेऱ्याच्या अलीकडे त्यानंही समोरच्याला मनगट ठोकून दाखवलं. लोक आपापसांत बोलत होते.

पुढं सडक रुंद झाली. मोजणी बरोबर निघाली होती. घड्याळ अजून लागतं, आणि लागलं की ट्रक पांदणीत उतरतात. शाळेतली मुलं आता सडकेनं जातात. ताईची छत्री माझ्या घरी दाराआड टांगलेली आहे.