घुमटावर मारायचं पाणी

आमच्या शिरूर कासारकडच्या गावात सोसायटीचं गोदाम, शाळा आणि पुढं मंदिर, सगळ्यांचे नकाशे केरळहून येऊन इथलेच झालेल्या त्या आर्किटेक्टसाहेबांनी काढलेले. भिंत दिसली की ती बोटाच्या पेरानं ठोकायची आणि कान लावायचा, ही त्यांची सवय. बोलणं आमच्यासारखंच, फक्त शेवटी एक हलकं 'ना'.

मंदिराचं काम चालू असतानाच दुष्काळ पडला. घुमटाचं काँक्रीट ओतलं आणि दुसऱ्याच दिवशी, त्यावर पाणी मारायला आलेला टँकर साहेबांनी परस्पर वस्तीवर पाठवला. पुढचेही तसेच गेले. मी मंदिर समितीचा सचिव, लई चिडलो.

"आधी घागरी भरू द्या ना," एवढंच ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी त्यांनी घुमट ठोकला, कान लावला आणि घण मागितला.

"साहेब, देवाचं हाय ते!" मी ओरडलो.

"खाली माणसं बसणार ना? याला पानी भेटलं न्हाई, कच्चाच ऱ्हायला."

पहिला घाव त्यांनीच घातला. वस्तीवरची एक बाई भरली कळशी घेऊन शिडीनं वर चढली. "आमच्या वाट्याचं घ्या, साहेब, पण पाडू नका."

साहेबांनी ओंजळ पुढं केली, घोटभर पाणी प्याले आणि दुसरा घाव घातला.